नभोदौलतीच्या चारशे तेराव्या खेळीची हकीकत

॥ श्री ॥ ज्याने आकाश पसरले त्यास दंडवत, आणि ज्यांनी त्या आकाशाची आपखुशीने डागडुजी केली त्यांस मुजरा. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, भाद्रपद मासी जे घडले ते जसे घडले तसे लिहिले आहे. शोभेसाठी पदरचे काही घातले नाही.

पूर्वपीठिका ऐसी. शके एकोणीसशे सत्तावीस, पार्थिव संवत्सरी, सातासमुद्रापलीकडील काही धन्यांनी संगणकाच्या पडद्यावर एक दौलत उभी केली. तीत चारशे तारे, ताऱ्यांभोवती ग्रह, ग्रहांवर वस्त्या, आणि वस्त्यांमधून फिरणारी जहाजे. खेळणाऱ्याने एका ग्रहावरून आरंभ करावा, शेती लावावी, जहाजे बांधावी, शेजाऱ्याशी तह करावा अथवा लढाई द्यावी, आणि हुकूम देऊन झाले म्हणजे ‘खेळी पूर्ण’ हे बटण दाबावे. मग यंत्राने चालवलेले शत्रू आपली चाल करीत, आणि काळ एक पाऊल पुढे सरके. ऐसी रीत. आरंभी दौलत फार नांदली. मग धन्यांस दुसऱ्या झगमगीत दौलती सुचल्या, आणि त्यांनी हिची डागडुजी सोडली, आणि एके दिवशी दप्तर बंद करून निघोन गेले. मागे राहिली ती रयत. नव्या संगणकांवर जुने तारे फाटू लागले, शत्रू एकाच जागी उभे राहोन कोपऱ्यात डोके आपटू लागले, आणि लोक म्हणू लागले की दौलत बुडाली. परंतु रयतेतले काही लोक हट्टी. त्यांनी दौलतीचे चिरे उकलून पाहिले, आणि कोणी आकाश नवे रंगविले, कोणी शत्रूंस अक्कल दिली, कोणी बाजार वसविला. ऐशा एकेका दुरुस्तीच्या गाठोड्यास मॉड म्हणत. धनी गेले आणि दौलत मॉडांवर जगली. मात्र मॉडांचा एक कायदा कडक होता. सरदार ज्या क्रमाने दरबारात येतात तसे मॉड क्रमाने दौलतीत शिरत, आणि दोघांचे म्हणणे एकाच गोष्टीवर पडले तर जो शेवटी आला त्याचाच शब्द चाले. क्रम चुकला की दौलत कोसळे. त्यामुळे शेवटच्या जागेसाठी जे मानपान होत ते लग्नातल्या विहिणींनाही लाजवतील असे.

या दौलतीत इचलकरंजी मुक्कामी कुमुदबाई शिंत्रे म्हणोन एक थोर राज्यकर्त्या होऊन गेल्या. त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर रोज दुपारी जेवणानंतर दोन तास त्या दौलतीचा कारभार पाहत. त्यांचे यजमान राजश्री केरबा शिंत्रे. हे यंत्रमागावरचे वहीफणी कामगार. म्हणजे ताण्याचा, उभ्या सुताचा, एकेक धागा आधी वही नावाच्या तारांच्या चौकटीच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या घरातून ठरल्या क्रमाने ओवून द्यावयाचा. दिवसाला हजारो धागे. एक धागा शेजारच्या डोळ्यात गेला तर सबंध कापडावर रेघ उमटते. चाळीस वर्षे हे काम केले, आणि खेळाचे ज्ञान म्हणाल तर शून्य. बाई कारभार करीत तेव्हा ते शेजारच्या खाटेवर आडवे होत आणि मधूनच विचारीत, “काय ग, आज कुणाला धुतलंस?” आणि बाई म्हणत, “कुणाला न्हाई. एका ग्रहावर भात लावलाय. तुम्ही झोपा बघू.”

गेल्या वर्षी मार्गशीर्षात बाई तापाने पडल्या आणि पाचव्या दिवशी गेल्या. दौलत चारशे बाराव्या खेळीवर उभी राहिली. मग केरबांनी एक नेम धरला. दुपारी जेवण झाले की बाईंच्या खुर्चीत बसावे, बाईंनी दाखवले होते तेवढी बटणे दाबून दौलत उघडावी, आणि पडदा पाहत बसावे. उजवीकडे एक तांबूस सूर्य, खाली निळे ग्रह तीन, आणि मध्ये बाईंची जहाजे. कोठेही हात लावू नये, अर्धा तास पाहावे आणि बंद करावे. नऊ महिने हा नेम चुकला नाही. त्यात त्यांस दुःख होते तसे सुखही होते, आणि दोहोंपैकी कोणते जास्त याचा विचार त्यांनी केला नाही.

मग भाद्रपदात गौरींचे दिवस आले आणि केरबांनी घर साफ करावयास काढले. एकटा माणूस, तरी भांडी घासली, जळमटे काढली, देव उजळले, आणि दुपारी संगणकापुढे बसले तेव्हा दौलतीच्या दारातल्या यादीवर त्यांची दृष्टी गेली. बाईंनी अकरा मॉड बसविले होते, त्यांपैकी नवांच्या शेजारी लाल ठिपका होता. रोज दिसे, परंतु त्या दिवशी तो डोळ्यांत खुपला. केरबांस वाटले, मागावरून सुटलेले धागे लोंबावे तसे हे लोंबत आहेत, आणि सणाच्या दिवशी घरात हे बरे नव्हे. खाली एक बटण होते, ‘सर्व अद्ययावत करा’. केरबांनी ते दाबले. ठिपके गेले. केरबा समाधान पावले, हात पुसले, आणि दौलत उघडावयास गेले, तो पडदा काळा झाला आणि वर अक्षरे आली की या दौलतीस लागणारा मॉड हजर नाही. पुन्हा उघडली, पुन्हा तेच. सात वेळा उघडली. मग केरबा उठले, पाणी प्याले, आणि खाटेवर न जाता भुईवरच बसले.

दुसरे दिवशी त्यांनी मॉडांची जी माहितीपत्रे सापडली ती एकेक करून वाचली, आणि एका मॉडाखाली तक्रारीसाठी फोन नंबर दिला होता, तो लावला. तो मॉड शत्रूंस अक्कल देणारा, आणि त्याच्या कर्त्या रेहाना मुजावर, मिरजेच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या. केरबांनी नाव सांगितले, गाव सांगितले, आणि झालेली गोष्ट सांगितली.

“काका, सगळे अपडेट दाबलेत? सगळेच?” रेहानाबाई म्हणाल्या.

“व्हय. लाल ठिपके हुते.”

“अहो, चालत्या डावात कुणी अपडेट करतं का! चालू नळाचा पाइप काढल्यासारखं झालं की हे. आणि शिंत्रे म्हणजे... कुमुदताईंचे तुम्ही? मग त्यांना द्या ना फोन. त्यांना दोन मिनिटांत कळेल. किती महिने झाले, दिसल्याच नाहीत कुठं.”

“ती न्हाई.”

“बाहेर गेल्यात का?”

“मार्गशीर्षात गेली,” केरबा म्हणाले.

मग रेहानाबाई म्हणाल्या, “काका, रविवारी मशीन घेऊन मिरजेला या. माझ्याकडे बहुतेकांच्या जुन्या प्रती आहेत. आम्हा एक्स-रेवाल्यांना जुनं काही टाकवत नाही.”

मग रविवारी केरबांनी संगणकाची पेटी बाईंच्या सोलापुरी चादरीत बांधली, एसटीत बसले, आणि पेटी मांडीवर घेतली. कंडक्टर जवळ आला आणि गाठोडे पाहोन म्हणाला, “आजोबा, देव्हारा हाय का काय?” केरबा म्हणाले, “देव्हारा न्हाई. बायकोचं राज्य हाय.” कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, “आमच्यात बी तिचंच हाय.” आणि सगळी गाडी हसली, आणि केरबाही हसले, आणि आपण हसलो हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा गाडी मिरजेच्या वेशीत शिरली होती.

रेहानाबाईंनी पेटी मेजावर ठेवून जोडली, चहा दिला, आणि नऊ मॉडांच्या जुन्या प्रती शोधून घातल्या. दहावे बाईंचे स्वतःचे एक लहान पान होते, कोठे प्रसिद्ध न केलेले, आणि त्याचे नाव होते ‘भांडू नका’. रेहानाबाईंनी ते उघडून वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. अकरावा मॉड मात्र समूळ नाहीसा झाला होता, आणि त्याची प्रत रेहानाबाईंकडेही नव्हती. तो बाजार वसविणारा, नागपूरच्या श्रीरंग ओगले मास्तरांचा. त्याची हकीकत ऐसी. पूर्वी रेहानाबाई आणि ओगले मास्तर यांनी मिळोन दौलत सावरली होती. मग रेहानाबाईंनी आपल्या माहितीपत्रात लिहिले की हा मॉड सर्वांत शेवटी बसवावा, आणि मास्तरांनीही आपल्या पत्रात तेच लिहिले. मास्तरांचा शेवटी बसविला तर शत्रू लढाई सोडून जिरे-मोहरी विकत बसत. रेहानाबाईंचा शेवटी बसविला तर बाजार जळे. वाद झाला, चारचौघांत शब्दाला शब्द वाढला, आणि मास्तरांनी रागाने आपला मॉड दौलतीतून उचलून नेला. ज्यांच्याकडे तो बसलेला होता त्यांच्याकडे तो राहिला, परंतु ज्याने अद्ययावत केले त्याच्याकडील प्रतही गेली. केरबांची तशीच गेली.

“मास्तरांना फोन लावा की,” केरबा म्हणाले.

“मी नाही लावणार. त्यांनी मला सगळ्यांसमोर नवशिकी म्हटलंय.”

“तुम्ही त्यास्नी काय म्हटलं हुतं?”

रेहानाबाई म्हणाल्या, “वाणी.”

मग केरबांनी त्यांच्याकडून मास्तरांचा नंबर घेऊन आपल्याच फोनवरून लावला आणि फोन मेजावर उघडा ठेवला. ओगले मास्तरांनी उचलला. केरबांनी नाव-गाव सांगून मॉडाची प्रत मागितली, तेव्हा मास्तर म्हणाले, “अजी, तो मी काढून टाकला. ज्या दौलतीत कालच्या पोरी शेवटच्या पाटावर बसून राहिल्या, तिथं आपलं काय काम?”

रेहानाबाई तोंड उघडणार तो केरबांनी हाताने थांबविले आणि म्हणाले, “मास्तर, मला पाट कळत न्हाई. माझी बायको कुमुद तुमचा बाजार वापरत हुती. आणि ह्यांची लढाई बी. दोन्ही एकाच राज्यात. चारशे बारा खेळ्या.”

“कसं शक्य आहे? दोन्ही एकत्र चालतच नाहीत. कुमुदताईंना फोन द्या, मी त्यांना विचारतो. मी रागावलोय त्यांच्यावर. माझा मॉड गेला तर चार ओळी तरी लिहाव्या की नाही माणसानं?”

केरबांनी सांगितले, पहिल्यापेक्षा थोडक्यात. मास्तर म्हणाले, “मी समजून होतो, कुमुदताई त्या रेहानाबाईंच्या बाजूला गेल्या.” मग रेहानाबाई न राहवून म्हणाल्या, “आणि मी समजत होते, त्या तुमच्याकडे गेल्या.” आणि त्यांनी ‘भांडू नका’ हे पान मोठ्याने वाचले. त्यात अकरा ओळी हुकमाच्या होत्या आणि वर बाईंनी स्वतःच्या आठवणीसाठी लिहिले होते: ‘लढाई रेहानाची घ्यावी, बाजार ओगल्यांचा घ्यावा. हे पान दोघांच्या नंतर बसवावे. दोघांचेही बरोबर आहे आणि दोघेही ऐकत नाहीत. राग निवला की पाठवीन.’

मास्तर म्हणाले, “अकरा ओळीत केलं बाप्पा!” आणि मग म्हणाले, “थांबा जरा. कपाटात जुनी डिस्क आहे.” आणि फोन तसाच ठेवून गेले. मेजावरच्या फोनातून कपाटाची कडी, मग काही पडल्याचा आवाज, मग मास्तरांचा खोकला ऐकू आला, आणि तासाभरात मॉड मिरजेस पोहोचला.

परंतु दौलत तरीही उघडेना. बाईंनी सरदार कोणत्या क्रमाने बसविले होते तो क्रमच केरबांच्या त्या एका बटणाने पुसला गेला होता, आणि फक्त शेवटचे पान कोणते एवढेच ठाऊक. रेहानाबाई एक क्रम सांगत, मास्तर फोनवरून दुसरा सांगत, आणि दोन्ही क्रमांनी पडदा काळा होई. केरबा बघत होते. मग ते म्हणाले, “मागावर रेघ आली तर आमी सगळा ताणा उपसत न्हाई. कापडाकडं बघतो, रेघ कुठं हाय ते धरतो, आणि तिथनं माघारी धाग्याकडं जातो. तुमी कसं बी बसवा, फक्त कायतरी दिसू दे. चूक मी सांगतो.” मग रेहानाबाईंनी एक कोरी दौलत त्याच मॉडांनी उघडली. ती कशीबशी उघडली. केरबा खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले आणि म्हणाले, “सूर्य पांढरा हाय. तांबूस पायजे.” रेहानाबाई म्हणाल्या, “म्हणजे आकाशाचा मॉड उजेडाच्या आधी गेलाय,” आणि त्यांनी जागा बदलली. सूर्य तांबूस झाला. “जहाजांच्या शेपटाला धूर हुता. हितं न्हाई.” जागा बदलली. “ही अक्षरं मोठी हायेत. तिची बारीक हुती, चष्मा लावून वाचायची ती.” मास्तर फोनवरून म्हणाले, “अक्षरांचा मॉड चौथा बसवून बघा.” ऐसे करीत, ज्यास खेळातले काही येत नव्हते परंतु जो नऊ महिने रोज अर्धा तास नुसते पाहत बसला होता, त्याने एकेक धागा आपल्या डोळ्यातून ओवून दिला, आणि दुपारी चार वाजता रेहानाबाईंनी बाईंची दौलत उघडली आणि ती उघडली. तांबूस सूर्य, निळे ग्रह तीन, आणि वर कोपऱ्यात चारशे बारा.

केरबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “झालं. आता बंद करा. मी घरी जाऊन बघतो.”

तेव्हा रेहानाबाई खुर्चीत वळून बसल्या. “काका, एक सांगायचं राहिलं. मास्तरांची प्रत आणि ताईंची प्रत यांत थोडा फरक आहे. डाव उघडलाय, पण लटपटत उघडलाय. अशीच बंद केली तर पुन्हा उघडेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आणि ही दौलत जतन होते ती खेळी संपतानाच. एक खेळी खेळलात तर ती या प्रतींवर पक्की बसेल. मग कधीही उघडा.”

“म्हंजे चारशे तेरा.”

“हो.”

“म्हंजे तिनं ठेवलं हुतं तसं ऱ्हाणार न्हाई.”

मास्तर फोनवरून हळू आवाजात म्हणाले, “तसंच ठेवाल तर जाईल हो शिंत्रे.” केरबा पडद्याकडे पाहत राहिले. ज्यास नऊ महिने बोट लावले नाही त्यास आता बोट लावावे, नाहीतर ते जाईल, ऐसा पेच. धाग्यांच्या कामात ऐसा पेच कधी पडला नव्हता. मग मास्तरांनी मसलत दिली की उत्तरेच्या शत्रूवर चाल करावी, आणि रेहानाबाई म्हणाल्या की काहीतरीच काय, ताईंचा तह आहे तिथे, आणि मास्तर म्हणाले की तुमच्या शत्रूंचा काय भरवसा, आणि दोघांचे पुन्हा जुंपणार तो केरबांनी विचारले, “मी काहीच हुकूम न्हाई दिला तर?”

“तर काही नाही. आधी दिलेले हुकूम पुढं चालतात,” रेहानाबाई म्हणाल्या.

केरबांनी माउस हातात घेतला, बाण ‘खेळी पूर्ण’ वर नेला, आणि दाबला. शत्रूंनी आपली चाल केली. ताऱ्यांमधून रेघा सरकल्या. वर आकडा बदलला. आणि मध्यभागी एक चौकट उघडली.

“काय झालं? कोणी बोलेल का?” मास्तर फोनातून ओरडले.

केरबांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचले. “नऊ खेळ्यांपूर्वी निघालेली प्रवासी जहाजे मुक्कामी पोहोचली. नवी वस्ती बसली. लोक सुखरूप आहेत.” मग रेहानाबाईंकडे पाहोन म्हणाले, “ही कुणी पाठवली हुती?”

“ताईंनीच. दुसरं कोण पाठवणार?” रेहानाबाईंनी नकाशा मागे ओढून सबंध आकाश दाखविले. त्यावर बारीक ठिपके निरनिराळ्या दिशांनी चालले होते. “हे बघा, अजून सतरा जहाजं वाटेवर आहेत. सगळ्यात लांबचं चारशे चाळिसाव्या खेळीला पोहोचेल.”

केरबांनी बोटांवर मोजले आणि पुन्हा मोजले. “सत्तावीस खेळ्या,” ते म्हणाले. “बरं झालं. मला वाटलं, थांबलंय सगळं.” मग त्यांनी संगणक बंद करविला, पेटी चादरीत बांधली, दुसरा चहा घेतला, आणि संध्याकाळच्या गाडीने इचलकरंजीस गेले.

पुढे रेहानाबाई आणि ओगले मास्तर यांनी तह केला. दोघांचे मॉड आणि कुमुदबाईंचे पान एकत्र करून प्रसिद्ध केले, आणि माहितीपत्रात दोघांनीही आपापली जुनी ओळ खोडून लिहिले की शेवटी बाईंचे पान बसवावे. दौलत सोडून गेलेले शेदोनशे खेळाडू महिन्याभरात परत आले, तारे फाटावयाचे थांबले, आणि धन्यांवाचून दौलत पूर्ववत नांदू लागली. मानपान संपले असे नाही. आता अक्षरांच्या मॉडाचा कर्ता रुसला आहे.

तात्पर्य इतकेच. केरबा शिंत्रे दर रविवारी दुपारी जेवण करून एक खेळी करतात, हुकूम देत नाहीत, आणि बाईंचे कोणते जहाज कोठे लागले ते पाहतात. चारशे चाळिसाव्या खेळीनंतर हुकूम आपल्यालाच द्यावे लागतील म्हणोन बुधवारी एका कोऱ्या दौलतीत रेहानाबाईंकडून लढाई शिकतात. पहिल्या धड्यात तीन ग्रह गमावले, दुसऱ्यात दोन. हे वर्तमान आश्विन शुद्ध दशमीपर्यंतचे आहे. सर्व ठीक.